अठरा तासांचा उजेड

आमचे हे गांजा पिकवतात. हो, गांजाच. औषधी वनस्पती, हर्बल, मेडिसिनल वगैरे म्हणून मला शिकवायला कुणी येऊ नका. मी नागपूरची आहे. आमच्या शाळेच्या मागे एक जटावाला बाबा बसायचा आणि त्याच्या अंगाला यायचा तो वास आता सनीव्हेलला माझ्या मुलाच्या गॅरेजमधून येतो. वीज मंडळातून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला एकाहत्तर वर्षांचा माणूस सकाळी आंघोळ करतो, देवाला फूल वाहतो, कपाळाला गंध लावतो आणि सरळ त्या वासात जाऊन उभा राहतो. बाप्पा, काय काय बघायचं राहिलं होतं!

तसं ते बेकायदा नाही. सूनबाईंनी, म्हणजे आमच्या स्वानंदीने, मला पहिल्याच आठवड्यात नीट समजावून सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात एका घरात सहा झाडं लावता येतात, पण तेच वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला मान्य नाही. म्हणजे सासरी चालतं आणि माहेरी चालत नाही, असला तो प्रकार. स्वानंदीच्या सिटिझनशिपचं काम चालू होतं, आमचं दोघांचं नवंकोरं ग्रीन कार्ड, त्यामुळे तिला त्या गॅरेजचं नाव काढलं तरी कापरं भरायचं. ती गाडी बाहेर रस्त्यावर लावायची, पण गॅरेजमध्ये पाऊल टाकायची नाही. मी तिच्या बाजूने होते, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमचं दोघींचं एरवी फार जमत नाही.

पण मला सांगायचंय ते अनिल पांढरीपांडे या माणसाबद्दल. बेचाळीस वर्षं मी त्यांच्याशी संसार केलाय, तेव्हा मला तेवढा हक्क आहे.

ह्या माणसाने आयुष्यभर एकच काम केलं, लोकांच्या घरातला उजेड घालवायचं. लोडशेडिंगचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. वर्ध्याकडच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही होतो, तेव्हा तिथे दिवसाला आठ-आठ, दहा-दहा तास लाईट जायची. कोणत्या भागाची कधी जायची, ते हे ठरवायचे. गट अ, गट ब, गट क. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसायचे आणि रेघा मारायचे. वीज वरून येतच नव्हती, त्याला ते तरी काय करणार, हे मलाही कळत होतं. पण लोकांना कुठे कळतं? बाजारात भाजीवाली मला मेथीची जुडी द्यायची ती अशी आपटून द्यायची. दळणाला गेलं तर गिरणीवाला म्हणायचा, साहेबांना विचारा की पीठ कधी मिळणार ते. कुणाच्या घरी मंगळागौर असो, मुंज असो, आधी माणूस घरी यायचा, साहेब तेवढी आजची संध्याकाळ सांभाळा. आणि साहेब चष्मा पुसत म्हणायचे, वेळापत्रक लावलेलं आहे.

एकदा आमदाराचा फोन आला. मुलीचं लग्न होतं. त्यालाही हेच उत्तर. नंतर बदली झाली ती निराळी गोष्ट, पण त्या लग्नात वऱ्हाडाने पेट्रोमॅक्सच्या उजेडात पंगती उठवल्या. मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

आमचं घर गट ब मध्ये. आमच्या मुलाचं, ऋषीचं, दहावीचं वर्ष. बाकीच्या साहेबलोकांनी आपापल्या क्वार्टरची लाइन हॉस्पिटलच्या फीडरवर टाकून घेतली होती, तिथे लाईट जात नसे. मी हात जोडून म्हटलं, पोराचं वर्ष आहे, दोन महिने करा काहीतरी. तर ह्यांनी पोराला समोर बोलावून सांगितलं की वेळापत्रक चार दिवस आधी लागतं, त्याप्रमाणे अभ्यास लावून घे. ऋषी मेणबत्तीत बसला. भूमितीच्या वहीवर मेण सांडायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, मी शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घालायची. मार्क चांगले पडले. पण त्या वर्षी तो बापाशी बोलायचा थांबला तो थांबलाच. भांडण नाही, काही नाही. पुढे पुण्याला इंजिनिअरिंग, मग इकडे एमएस, नोकरी, लग्न, घर. वीस वर्षं दर रविवारी फोन. हे म्हणायचे, कसा आहेस? तो म्हणायचा, बरा आहे. मग हे म्हणायचे, आईला देतो. संपलं बापलेकाचं बोलणं. मी मध्ये बसून दोघांची निरोप्या झाले होते आणि मला त्याचा वीट आला होता.

गेल्या मार्चमध्ये आम्ही सनीव्हेलला आलो. ठरलं होतं असं की महालक्ष्म्यांच्या आधी परत. आमच्याकडे विदर्भात गौरी म्हणजे महालक्ष्म्या, तीन दिवसांचा मोठा सण, आणि तो नागपूरला माझ्या अहिल्याताईकडे असतो. ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझ्या वेण्या ताईने घातल्या, माझी फी ताईने भरली, मी लग्न होऊन जाईपर्यंत तिने स्वतःच्या लग्नाला होकार दिला नाही. आई कशी दिसायची ते मला आठवत नाही, मला ताईच आठवते.

तिला विसरायला होऊ लागलं होतं. आम्ही निघालो तेव्हा सुरुवात होती. गॅसवर दूध ठेवून विसरायची, एकच गोष्ट तीनदा सांगायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, ते मी उच्चारत नाही. तिची सून प्रीता, भली पोरगी आहे, तिने निघताना मला बाजूला घेतलं. म्हणाली, मावशी, अजून आई सगळ्यांना ओळखतात. पण हे चांगले दिवस किती ते डॉक्टरपण सांगत नाहीत. तुम्ही लवकर या. मी म्हटलं, महालक्ष्म्यांना मी येतेच. ताईचा हात हातात घेऊन तिलाही सांगितलं. ती म्हणाली, सोळा भाज्या चिरायला तूच लागतेस मला. ओळखत होती, अगदी चोख ओळखत होती. मला ती ओळख पुसली जायच्या आत परत पोचायचं होतं, बाकी अमेरिकेत मला काही बघायचं नव्हतं.

आता ह्या गांजाचं सांगते. ऋषीला झोप येत नाही. चिप डिझाइनची नोकरी, डोक्यात रात्रंदिवस तेच. तो दुकानातून गांजाच्या गोळ्या आणायचा, मग कुणीतरी सांगितलं की घरी लाव, छंद म्हणून बरा असतो. गॅरेजमध्ये काळ्या कापडाचा एक तंबू, कपाटाएवढा, आतून चकचकीत. वर एक मोठा दिवा. दोनदा लावून त्याचं फसलं होतं, कारण हा दिवा लावायला विसरायचा, बंद करायला विसरायचा. आणि त्या झाडांचं सगळं घोडं म्हणे उजेडाच्या वेळेवर अडतं. आम्ही येऊन आठवडा झाला असेल. ऋषी ऑफिसातून आला, बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, त्या दिव्याला टाइमर लावायचाय, कशी वेळ ठेवू?"

वीस वर्षांत त्याने बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पोळ्या लाटत होते, माझं लाटणं थांबलं. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि चष्मा पुसायला घेतला.

पुढचे तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. दिवसाला अठरा तास उजेड द्यायचा आणि सहा तास अंधार, एवढं ऋषीला माहीत होतं. पण सहा तास कुठले? हा प्रश्न जणू साहेबांची बदली अमेरिकेत होऊन त्यांच्या टेबलावर आला होता. ऋषी म्हणाला रात्री बारा ते सहा ठेवू, आपण झोपलेले असतो. हे म्हणाले, अजिबात नाही. ह्यांनी विजेचं बिल मागवलं, वाचलं, आणि ह्यांना कळलं की इथेही चारपासून नऊपर्यंत वीज महाग असते, सगळे एकदम वापरतात म्हणून. केवढा आनंद झाला. मला उठवून सांगितलं, शोभा, इथे पण पीक लोड आहे. मग गॅरेजमध्ये थर्मामीटर लावला, दुपारी तिथे किती तापतं ते तासातासाने बघितलं. शेवटी ठरलं, दुपारी तीनला दिवा जाणार, रात्री नऊला येणार. महागाच्या वेळेत अंधार, उकाड्यातही अंधार, आणि रात्रीच्या गारव्यात दिवा. ऋषी म्हणाला, हे मला सुचलंच नसतं. बस. त्या दिवसापासून माझा नवरा मला राहिला नाही.

रोज नऊ वाजता दोघं गॅरेजमध्ये. दिवा यायच्या आधी दोन मिनिटं जाऊन उभे राहायचे, घड्याळ बघत. दिवा आला की चेन उघडून झाडं बघायची. पानं उलटी करून बघायची. मग बोलायचे. माझ्या बेडरूमची भिंत गॅरेजला लागून आहे, मला आवाज यायचा, शब्द नाही. ऋषी हसायचा. तो बापाबरोबर हसतोय हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडले, आता राग येतो त्या रडण्याचा.

मी एप्रिलमध्ये विचारलं, परतीची तिकिटं? म्हणाले, झाडांना फुलं आली, कापणी झाली की निघू. फुलांचंच सगळं असतं त्यात, पानांना कोण विचारतो. म्हटलं, कधी येतील? म्हणाले, जूनमध्ये फुलं, ऑगस्टमध्ये कापणी, महालक्ष्म्यांना तू ताईकडे. मी मान डोलावली. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने सांगितलं असतं तर मी खोदून विचारलं असतं. पण ह्या माणसाने वेळ सांगून ती चुकवली असं मी जन्मात बघितलं नव्हतं. लाईट जायची म्हणजे मिनिटाला जायची, आणि यायची म्हणजे मिनिटाला यायची. मी ते वेळापत्रक धरून बसले. एकटीने जावं असं मनात आलं नाही असं नाही, पण मी एकटी कधी विमानात बसले नाही, गुडघे असे, आणि दोघांनी मिळूनच जायचं असं ह्यांनी धरलेलं.

जून आला. फुलं आली का? येतील. जुलै आला. झाडं तंबूच्या छताला टेकली. हे शेंडे खुडायचे, फांद्या सुतळीने आडव्या बांधायचे. अगदी प्रेमाने. माझ्या हाताला कधी बांगडी चढवली नाही इतक्या प्रेमाने. फुलं? येतील गं, घाई करून चालत नाही. इकडे प्रीता व्हिडिओ कॉल करायची. मे महिन्यात ताईने मला पाहून माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. जूनमध्ये ती मला पाहून आधी थांबली, मग म्हणाली, शोभी का गं तू, चष्मा बदलला होय. जुलैत तिने मला आईचं नाव घेऊन हाक मारली. मी फोन ठेवून ह्यांच्यापाशी गेले, सांगितलं की ताईचं असं असं होतंय, आता निघू या. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, वय झालं की थोडंफार व्हायचंच. आणि नऊ वाजत आले होते, उठून गेले.

महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. मी सनीव्हेलला फ्रिजमधल्या सात भाज्यांची भाजी केली, पुरण घातलं, कुणाला धड भूक नव्हती. फोनवर प्रीताने महालक्ष्म्या दाखवल्या, साड्या नेसवून उभ्या केलेल्या. ताई शेजारी पाटावर बसली होती, भरजरी पातळ नेसून. मी हाक मारली तर कॅमेऱ्याकडे न बघता प्रीताला विचारते, "शोभी कुठाय? भाज्या कोण चिरणार?" प्रीता म्हणाली, ही काय फोनवर आहे. ताईने फोनकडे बघितलं, आणि मान फिरवली.

त्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. स्वानंदीची कुठलीशी मोठी मीटिंग होती आणि तिच्या ब्लेझरला तो वास लागला होता. गॅरेजचं दार आणि कपड्यांचं मशीन लागून आहे. ती स्वयंपाकघरात आली ती फणफणत. मला म्हणाली, आई, तुम्ही बाबांना काही बोलत का नाही? मी म्हटलं, मी काय बोलणार बाई, फुलं आली की कापून टाकतील, सुटू एकदा. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, फुलं कशी येतील? बाबांनी लाइट बारा तासांवर आणलाच नाहीये. अठरा तास देत राहिलं तर ती झाडं वर्षभर नुसती वाढतील. बारा तास पूर्ण अंधार मिळाला तरच फुलतात ती."

मी म्हटलं, परत सांग. तिने परत सांगितलं. फोनवर काढून दाखवलं. पहिले महिना-दीड महिना अठरा तास, मग बारा तासांवर आणायचं, की दोन महिन्यांत फुलून कापणी. पोरासोरांनासुद्धा माहीत असलेली गोष्ट. दिवा कधी कमी करायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळं. टाइमरचं एक बटण फिरवायचं होतं, एप्रिलच्या शेवटी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी त्या दिवशी काही बोलले नाही. मला त्या दोघांना एकत्र गाठायचं होतं. रविवारी सकाळी दोघं चहाचे कप घेऊन गॅरेजमध्ये गेले, तंबू उघडला, आत लख्ख उजेड. मी मागून गेले. गॅरेजच्या भिंतीवर विजेचं पॅनेल आहे, कुठला ब्रेकर कशाचा ते ह्यांनीच सुंदर अक्षरात लिहून चिकटवलेलं. मी गॅरेजचा खाली पाडला. काळोख झाला. खिडकी नाही तिथे, रस्त्याकडचं मोठं दार बंद. फक्त दाराखालच्या फटीतून थोडं दिसत होतं.

हे म्हणाले, "शोभा, वर कर तो."

मी म्हटलं, "एप्रिलपासून तुम्ही मला सांगून राहिले, फुलं आली की जाऊ. फुलं तुम्ही येऊच दिली नाहीत. खरं की खोटं?"

कप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "खरं."

"काहून?"

ऋषी बोलला. म्हणाला, "आई, मला माहीत होतं. बारा तासांवर आणलं की दोन महिन्यांत सगळं संपतं. मग बाबा जाणार. मग परत आमचं, कसा आहेस, बरा आहे. मला नको होतं ते. म्हणून मीपण काही बोललो नाही."

कुणाही आईला ऐकून बरं वाटावं असं ते बोलणं होतं. वीस वर्षं मी देवापुढे हेच मागितलं होतं. पण मला बरं वाटलं नाही. मला त्या अंधारात दोघांचाही राग आला. मी म्हटलं, "माझी बहीण मला विसरत चाललीय, आणि तुम्ही बापलेक माझ्या दिवसांवर गप्पा मारताय. वीस वर्षं तुम्हाला बोलायला कुणी अडवलं होतं? तोंडं नव्हती?" आणि ह्यांना म्हटलं, "साऱ्या तालुक्याच्या घरात अंधार केलात. पोराची दहावी होती तेव्हा एक तास हलला नाहीत. आणि माझ्यासाठी एक दिवा सहा तास कमी करायचा होता, तो तुमच्याच्याने झाला नाही."

हे म्हणाले, ताईंचं इतकं झालंय हे माझ्या लक्षात आलं नाही. मी दर आठवड्याला सांगत होते. दर आठवड्याला. ह्या माणसाला पानाची कड पिवळी पडली तर कळायचं.

मी ब्रेकर वर केला नाही. तशीच आत निघून आले. नंतर कुणीतरी केला असेल. दुसऱ्या दिवशी हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले की बारा तासांवर आणलाय, आता दोन महिने दे, की सोबतच जाऊ. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खरंच त्यांना वाटत होतं की हे सांगण्यासारखं आहे. मी स्वानंदीला हाक मारली आणि म्हटलं, माझं एकटीचं तिकीट काढ, पहिलं मिळेल ते. तिने तिथेच फोनवर काढलं. व्हीलचेअर सांगितली, दिल्लीला उतरून काय करायचं ते मराठीत लिहून दिलं, गुडघ्याचा पट्टा हाताच्या बॅगेत घातला. विमानतळावर सोडायलाही तीच आली. हे आले होते, मागच्या सीटवर बसले होते. उतरताना म्हणाले, पोचलीस की फोन कर. मी केला नाही. शिवने, म्हणजे प्रीताच्या नवऱ्याने, कळवलं.

आता त्यांचा रोज फोन येतो. नऊला झाडांकडे जायच्या आधी करतात, म्हणजे माझी सकाळ. फुलं धरली म्हणाले. पांढरी, केसाळ असतात म्हणे. ऋषी फोटो पाठवतो, मी उघडत नाही. तेही आता येतीलच, कापणी झाली की. येऊ देत. घर त्यांचंही आहे, मी काही दार लावून घेणार नाही. पण माझ्या मनातून तो माणूस उतरला तो उतरला, आणि पोटच्या पोराबद्दलही माझं मन पहिल्यासारखं नाही. बापलेक बोलायला लागले हे चांगलं झालं. त्याची किंमत मी दिली, मला न विचारता माझ्याकडून वसूल केली, हे मी मरेपर्यंत बोलून दाखवणार आहे.

पोचले त्या दिवशीचं सांगते. शिवने स्टेशनजवळून संत्री घेतली, मी म्हटलं ताईला आवडतात. घरी आले तर ताई छान दिसत होती. मी वाळलेली, खंगलेली ताई मनात धरून आले होते. तशी नव्हती. अंगाने भरलेली, डोक्याला तेल, पातळाच्या निऱ्या नीट. माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, पोचले मी वेळेत, पोचले. पाया पडायला वाकले तर तिने मागे सरून हात जोडले, आणि म्हणाली, या, बसा ना, लांबून आलात का?

प्रवासाने माझे पाय सुजले होते, उभं राहवत नव्हतं. तिच्या खोलीत खिडकीशी एक खाट होती, नवीन धुतलेली चादर घातलेली, उशी, पायथ्याशी घडी घालून पांघरूण. मी तिच्यावर टेकले. ताई लगबगीने उठून आली.

"तिथं नका बसू."

मी म्हटलं, "का गं ताई?"

"ती माझ्या बहिणीची खाट आहे. ती येऊन राहिली अमेरिकेतून. मी रोज चादर बदलते."

प्रीता दारातून म्हणाली, आई, अहो ह्याच शोभामावशी. ताईने मला नीट न्याहाळलं. केस बघितले, हात बघितले, चष्म्याकडे बघितलं. मग ती प्रीताला समजावल्यासारखं म्हणाली, "नाही बाई. शोभी केवढीशी आहे." आणि माझ्याकडे वळली. आता हसत नव्हती. "उठा तुम्ही. ती येईल इतक्यात, तिने कुठे निजायचं?"

मी उठले. मी बसले होते तिथली चादर ताईने हाताने ओढून सारखी केली.